टिकलीला पेलेल इतकेच

मित्रांनो, बिनकामाच्या माणसांची गर्दी झाली की तुम्ही तिला 'खोगीरभरती' म्हणता. हा शब्द कानावर पडला की मला वाईट वाटते. कारण मी एक खोगीर आहे, आणि माझ्या पोटात भरलेली लोकर बिनकामाची नाही. ती नसती तर माणसाची हाडे थेट घोड्याच्या हाडांवर टेकली असती. आता मी जुना झालो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, डाव्या बाजूची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली आहे. पण घोडा आणि माणूस यांच्या मधोमध मी सोळा वर्षे काढली. तिथे बसून जे कळते, ते वर बसणाऱ्यालाही कळत नाही आणि खाली उभे राहून बघणाऱ्यालाही नाही. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

मला घडवले एका बाईने. तिचे वडील खोगिरे शिवायचे. त्यांच्यामागे तिने दुकान चालवले, म्हणून सगळे तिला खोगीरवाली मावशी म्हणत. मला शिवण्याआधी ती तबेल्यात आली होती. तिने एक जाड, मऊ तार टिकली नावाच्या घोडीच्या पाठीवर ठेवली, हलक्या हाताने दाबून पाठीच्या आकाराची वाकवली आणि ती रेघ कागदावर उतरवून घेतली. "पाठ न बघता खोगीर शिवणं म्हणजे पाय न बघता जोडा शिवणं," ती म्हणाली. मग तिने घोडीच्या मणक्यांवरून बोट फिरवले. "इथं कशाचाच भार येता कामा नये." म्हणूनच माझ्या पोटात मधोमध एक पन्हळ आहे आणि दोन्ही बाजूंना लोकरीच्या दोन लांबट गाद्या आहेत. भार गाद्यांवर येतो, मणके मोकळे राहतात.

टिकली तेव्हा चार वर्षांची होती. अंग गडद तपकिरी आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती तीन दिवसांची असताना तिची आई गेली. तिला बाटलीने दूध पाजून वाढवले ते आमच्या मास्तरांनी. घोडेस्वारी शिकवायचा त्यांचा व्यवसाय. शहराच्या कडेला एक जुने गोदाम, त्याचा केलेला तबेला, पुढे वाळू टाकलेले गोल मैदान आणि पाच घोडी, एवढा सगळा पसारा. दर दोन तासांनी दूध गरम करून द्यायचे काम मास्तरांच्या बायकोकडे असे. पुढे टिकली मास्तरांच्या मागे मागे थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ही तर सवतच आणलीत तुम्ही घरात!" पण गुळाचा खडा आधी त्याच भरवत.

मास्तरांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत. तबेल्याच्या दाराशी एक वजनकाटा होता, धान्याच्या दुकानात असतो तसा, लोखंडी पाट्याचा. त्याच्या शेजारी स्टुलावर बाई वही घेऊन बसत. शिकायला येणाऱ्याने आधी काट्यावर उभे राहायचे. बाई त्याचे वजन लिहीत आणि त्यापुढे त्याला कोणता घोडा द्यायचा ते लिहीत. श्रीमंत असो, ओळखीचा असो, काट्याला चुकवून आत जायचे नाही.

मास्तरांचे गणित सोपे होते. वर्षातून दोनदा ते प्रत्येक घोड्याच्या छातीभोवती फीत लावून त्याचे वजन काढत. त्या वजनाचे सहा भाग करायचे. माणूस आणि खोगीर मिळून एका भागाच्या वर जाता कामा नये. टिकली चारशे वीस किलोंची, म्हणजे तिला सत्तर किलो. त्यातले आठ माझे. उरले बासष्ट. कुणी म्हणे, पाचवा भागसुद्धा चालतो. त्यावर मास्तर म्हणत, "चालत असेल. पण ते घोड्याला विचारून नाही म्हणत."

आणि काटा अर्धेच सांगतो, हेही मास्तरांना ठाऊक होते. घोड्याचे वय किती, त्याची पाठ कशी, जमीन चढाची की सपाट, किती वेळ बसायचे, हे सगळे ते बघत. एकदा एक सडपातळ तरुण आला. भरला जेमतेम पंचावन्न किलो. पण टिकली दुडकी चालायला लागली तसा तो पावलागणिक माझ्यावर असा आदळू लागला, की मला वाटले माझे लाकडी हाड मोडणार. खाली टिकलीची पाठ प्रत्येक धक्क्याला आक्रसत होती. मास्तरांनी पाच मिनिटांत त्याला उतरवले आणि आठवडाभर लाकडी ओंडक्यावर बसवून मांड ठोकायला शिकवली. नीट बसणारा जड माणूस परवडतो, पण आदळणारा हलका माणूस परवडत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

अंगाने भरलेले कुणी आले तर मास्तर कधी हसले नाहीत. त्यांना बाजूला घेऊन म्हणत, "तुम्ही जड नाही हो, ही घोडी हलकी आहे. तुमच्या मापाचा तो बघा तिकडे." तिकडे म्हणजे डोंगऱ्याकडे. रुंद पाठीचा, जाड पायांचा सहाशे किलोंचा घोडा. तो नेहमी काहीतरी चघळतच असायचा.

मास्तर स्वतः तेव्हा वेताच्या छडीसारखे होते. सगळे घोडे फिरवून झाले की सकाळी उन्हे वर यायच्या आत ते टिकलीवर रपेटीला निघत. ते बसले की मला भार असा जाणवतच नसे. पाण्यावर पान असावे तसे ते माझ्यावर असत. कालव्याच्या काठाने टिकली धावायची, तिचा श्वास पोटाखालून आवळलेल्या माझ्या तंगाच्या पट्ट्याखाली भरायचा आणि रिकामा व्हायचा, आणि मास्तर तिच्याशी गप्पा मारत असायचे. बघणारे थांबून बघत. "काय जोडी आहे!" म्हणत. त्या जोडीत मी तिसरा आहे, हे कुणाच्या लक्षात येत नसे. पण मित्रांनो, मला त्याचे काही वाटत नसे. चांगले खोगीर कुणाच्या लक्षात येत नाही, हीच त्याची शाबासकी.

तेरा वर्षे अशी गेली. मग मास्तरांचा गुडघा गेला.

घोड्यामुळे नव्हे, शिडीमुळे. गोदामाचा पत्रा ठोकायला चढले आणि पाय घसरला. शस्त्रक्रिया झाली आणि सात महिने खुर्चीत गेले. जो माणूस दिवसभर उभा असायचा, तो बसून राहिला. भूक मात्र पूर्वीसारखीच उभी राहिली. पट्ट्याची भोके एकेक करत संपली, मग पट्टाही नवा आला. डॉक्टर सांगत होते, चाला, रोज थोडे थोडे चाला. मास्तर म्हणत, "मला चालायला नका सांगू, मी स्वार आहे."

ज्या दिवशी काठी सुटली, त्याच दिवशी त्यांनी मला टिकलीवर चढवले. काट्यापाशी ते थांबले नाहीत. बाईंनी वहीतून मान वर केली.

"अहो, एकदा काट्यावर—"

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे का?"

बाईंनी पुन्हा वहीत मान घातली. नियम करणाऱ्याला नियम कोण सांगणार?

मास्तरांनी रिकिबीत पाय घातला आणि ते बसले. त्या क्षणी मला कळले. माझ्या गाद्या खोल दबल्या, टिकलीची पाठ माझ्याखाली एकदम खाली गेली आणि तिने नाकातून मोठा श्वास सोडला. मास्तरांची मांड तीच होती, हात तसेच हलके होते, बोलणे तितकेच मायेचे होते. पण माया वजनातून वजा होत नाही.

पुढचे वर्षभर मी ते रोज अनुभवले. पूर्वी कालव्यापर्यंत जाऊनही टिकलीचा श्वास लगेच जागेवर यायचा. आता अर्ध्या वाटेतच तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलू लागत. मला उतरवले की तिची पाठ घामाने भिजलेली असे, पण दोन जागा कोरड्या राहत, तळहाताएवढ्या. जिथे फार दाब पडतो तिथे घामसुद्धा येत नाही. हे मास्तरांनीच किती जणांना शिकवले होते! पण हल्ली मला उतरवायचे काम ते दुसऱ्यावर सोपवत, कारण वाकले की गुडघा दुखे. मग मास्तर रिकीब हातात धरत तेव्हा टिकली एक पाऊल बाजूला सरकू लागली. पुढे पुढे तर मला आणताना पाहूनच ती कान मागे टाकी. मित्रांनो, तेव्हा मी फार खट्टू झालो. मला वाटले, इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर तिला मीच नकोसा झालो. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण खोगिराला तोंड नसते, आणि घोडी जे सांगत होती ते ऐकायला मास्तर तयार नव्हते.

"म्हातारी झाली, लाडात आलीय," ते म्हणायचे.

एका सकाळी कालव्याच्या उतारावर टिकलीचा पुढचा पाय लटपटला आणि ती गुडघ्यांवर खाली आली. मास्तर बाजूला वाळूत पडले. त्यांना लागले नाही. टिकलीचे दोन्ही गुडघे मात्र सोलवटले. मास्तर सरपटत तिच्यापाशी गेले, तिचे डोके छातीशी धरून म्हणाले, "काय झालं गं बाळा? कुठं दुखतंय तुझं?" टिकली उभी राहिली आणि त्यांच्या खांद्याला नाक घासत राहिली. राग तिच्या मनात नव्हताच. त्या दिवशी मास्तर चालत घरी आले, लंगडत, आणि टिकलीही लंगडत.

मग कारण शोधणे सुरू झाले. नालबंद आला. त्याने चारही टापा उचलून पाहिल्या. "नाल एकदम बरोबर आहेत, मास्तर." दाणा बदलला. उतारावरचे दगड वेचले. टिकलीचे गुडघे भरून आल्यावर सगळे खापर माझ्यावर फुटले. "खोगीरच बिघडलंय," मास्तर म्हणाले आणि मला काखेत मारून खोगीरवाल्या मावशीच्या दुकानात घेऊन गेले.

मावशी आता सत्तरीला आली होती. तिने मला पालथे घातले, चष्मा चढवला आणि दोन्ही अंगठ्यांनी माझ्या गाद्या दाबत दाबत मागून पुढे आली.

"लोकर दगड झालीय. पुढच्या बाजूला जास्त."

"तेच म्हणतो मी! भरून द्या नवी."

"देते की." ती थोडा वेळ तशीच दाबत राहिली. "मास्तर, चौदा वर्षांत ही लोकर मी दोनदा बदलली. दोन्ही वेळा सहा-सहा वर्षं चालली होती, आणि सगळीकडं सारखी दबलेली होती. या खेपेला दोन-अडीच वर्षांतच ही गत. यावर बसतंय कोण?"

"मीच."

मावशीने त्यांच्या पोटाकडे पाहिले नाही, तोंडाकडेही नाही. तिने नजर माझ्यावरच ठेवली.

"भरून देते," ती म्हणाली. "पण लोकर वजन कमी करत नाही हो. नुसतं वाटून देते."

तिने तिथेच नवी लोकर भरून दिली आणि मास्तर मला घेऊन निघाले. वाटेत मात्र बडबडत होते, "म्हातारपणी हिला काय कळतंय! आयुष्य गेलं माझं घोड्यांत." पण माझ्या गाद्या ते अंगठ्याने दाबून दाबून बघत होते. दोन दिवस ते टिकलीवर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा तिच्या पाठीवर चढवले आणि तंग आवळला. एवढ्यात दारात एक अनोळखी स्त्री येऊन उभी राहिली.

ती दवाखान्यात परिचारिका होती. कामावरून तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांत, दमलेली, पण डोळे आनंदाने चमकत होते. अंगाने चांगली भरलेली. "लहानपणापासून घोड्यावर बसायचं होतं," ती म्हणाली. "राहूनच गेलं. आज ठरवलं, आता नाही तर कधीच नाही." ती सरळ टिकलीजवळ गेली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवू लागली. टिकलीनेही डोळे अर्धे मिटले. मग कुणी न सांगताच ती परिचारिका काट्यावर जाऊन उभी राहिली.

"अठ्ठ्याहत्तर," बाई म्हणाल्या.

मास्तर नेहमीसारखे पुढे झाले. "ताई, तुम्ही जड नाही हो. ही घोडी हलकी आहे. तुमच्यासाठी तो—"

परिचारिका हसली. "मला वाईट नाही वाटलं, मास्तर. आमच्याकडं औषधसुद्धा वजन बघूनच देतात. रोज कितीतरी माणसं काट्यावर उभी करते मी." तिचा हात पुन्हा टिकलीकडे गेला. "मग हिच्यावर कोण बसतं?"

"मी."

तिने मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिले. त्या पाहण्यात कुचेष्टा नव्हती. दवाखान्यात आलेल्या माणसाकडे बघावे तशी ती बघत होती.

"तुमचं किती भरतं?"

तबेल्यात डोंगऱ्याच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत राहिला. बाईंनी वहीत घातलेली मान वर केली नाही. मास्तर कधी दाराकडे बघत, कधी माझ्याकडे. त्यांना हसून विषय टाळता आला असता. ताईंना डोंगऱ्याकडे नेता आले असते. त्यांनी कितीदा असे केले होते. पण त्या दिवशी ते काट्यापाशी गेले, आधी एक पाय ठेवला, मग दुसरा.

बाईंनी काटा वाचला. इतर कुणाचा वाचत त्याच आवाजात.

"शहाऐंशी."

त्यांनी आकडा लिहिला. मग पेन तसेच धरून विचारले, "घोडा कोणता लिहू?"

शहाऐंशी आणि माझे आठ, चौऱ्याण्णव झाले. टिकलीला सत्तर. या गणितासाठी त्यांना बोटेही मोडावी लागणार नव्हती.

"टिकली नको लिहूस," ते म्हणाले.

ते काट्यावरून उतरले आणि माझ्याजवळ आले. स्वतःच्या हाताने त्यांनी तंग सोडला, मला उचलून कठड्यावर ठेवले. मग दोन्ही हातांची बोटे टिकलीच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवून ते हळूहळू दाबत मागे गेले. मी जिथे बसत असे त्या जागी आल्यावर तिची कातडी थरथरली आणि पाठ चटकन खाली दबली. त्यांनी पुन्हा दाबले, अगदी हलके. पुन्हा थरथरली.

"वर्षभर," मास्तर म्हणाले. "वर्षभर सांगतेय ही." त्यांचे कपाळ तिच्या मानेवर टेकले. "चुकलं गं माझं. मला वाटलं, तू मला जड म्हणणार नाहीस."

बाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी नुसता मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. परिचारिका शहाणी होती. ती गुपचूप डोंगऱ्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बोलावेपर्यंत मागे वळली नाही. पुढे ती डोंगऱ्यावर छान शिकली. दर रविवारी येते. आता न घाबरता दुडकी चालवते.

मी मात्र खुंटीवर गेलो. मित्रांनो, खरे सांगतो, मी थोडा रुसलो. माझा आकार टिकलीच्या पाठीचा, मी दुसऱ्या कुणाला बसणार? खरे कळावे म्हणून मी वर्षभर तळमळलो, आणि ते कळले तेव्हा पहिले काम माझेच गेले. माझ्यावर धूळ बसली. कातडे कोरडे पडू लागले. एका कोळ्याने माझ्या रिकिबीत जाळेही विणले.

पण खुंटीवरून मला बाहेरचे दिसायचे. मास्तर रोज टिकलीला मोकळ्या पाठीने बाहेर काढत आणि तिच्याबरोबर चालत. दोर हातात, पण ढिला. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच गेले आणि धापा टाकत परतले. टिकली त्यांच्यासाठी थांबत थांबत चालत होती. हळूहळू वडाच्या झाडापर्यंत, मग कालव्यापर्यंत. डॉक्टरांचे वर्षभर न ऐकलेले त्यांनी टिकलीसाठी ऐकले. पोट थोडे उतरले, सगळे काही उतरले नाही. बासष्ट ते पुन्हा कधी झाले नाहीत आणि होणारही नाहीत. डोंगऱ्यावर बसायची त्यांना मुभा आहे. बसतातही. टिकलीवर मात्र पुन्हा बसले नाहीत. आता ते दिसले की ती कान पुढे करून खिंकाळते आणि फाटकापर्यंत सामोरी येते.

सहा-सात महिन्यांनी जनावरांच्या डॉक्टरांनी तिची पाठ दाबून पाहिली. ती हलली नाही. "बरी झाली," ते म्हणाले. "हलकं कुणी असेल तर थोडं थोडं बसू दे. चाल ठेवा, धाव नको. तिलाही बरं वाटेल."

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी मला खुंटीवरून काढले. कोळ्याचे जाळे पुसले, कातड्याला तेल चोळले आणि मला टिकलीवर ठेवून बाईंकडे वळले.

"चल."

"कुठं?"

"वर."

"काहीतरीच! या वयात? मी कशी बसणार?" बाई म्हणाल्या. मग वही मिटली. उठल्या, आपणहून काट्यावर उभ्या राहिल्या आणि वाकून आकडा पाहिला. "एकोणपन्नास भरतंय हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एकदम सतरा-अठरा वर्षांची मुलगी आली.

मास्तरांनी त्यांना घोड्यावर बसण्यासाठी बांधलेल्या ओट्यावर चढवले. टिकली जागची हलली नाही. बाई माझ्यावर टेकल्या. इतका हलका आणि इतका घाबरलेला भार मी कधी उचलला नव्हता. त्यांनी माझी पुढची कड दोन्ही हातांनी गच्च धरली.

"अहो, सोडू नका हं."

"सोडत नाही. मान वर कर. श्वास घे."

आम्ही वाळूवर एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला बाईंचे हात सैल झाले आणि त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

"इथून तुमचं टक्कल दिसतं हो."

"मग बघू नकोस."

"कधीपासून आहे हे?"

"पुष्कळ वर्षं झाली," मास्तर म्हणाले. चार पावले गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तुला वर बस म्हणायचं कधी सुचलंच नाही गं मला."

बाईंनी एक हात सोडला आणि टिकलीच्या मानेवर थोपटले. टिकली चालत राहिली, माझ्याखाली तिचा श्वास संथ होता.

मित्रांनो, घोड्यावर बसायला तुम्ही जरूर जा. त्यात फार आनंद आहे. पण आधी काट्यावर उभे राहा, आणि आकडा काहीही आला तरी लाजू नका. तो आकडा तुमची लायकी सांगत नाही, फक्त तुमच्यासाठी कोणती पाठ योग्य ते सांगतो. उतरल्यावर खोगीर स्वतः काढा, आणि घोड्याच्या पाठीवरून दोन्ही हातांनी सावकाश दाबत जा. जे तुमच्यावर माया करते ते तोंडाने कुरकुर करणार नाही. म्हणून जिथे कातडी थरथरेल तिथे थांबा, आणि दुखणे कशाने झाले हे शोधायला निघालात तर सुरुवात स्वतःपासून करा.